बर्फाच्या कारखान्यातल्या काचपट्ट्या

जुन्या इमारतींसाठी अनुदान देणाऱ्या एका निधीच्या कचेरीत तपासनीस बाईंना पाठीमागे सगळे ‘चाळणी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नसे. चाळणीचं काम खडे वेगळे काढायचं, आणि बारा वर्षांत त्यांनी पुष्कळ खडे काढले होते.

काम तसं समजायला सोपं. एखाद्या गावात जुनी, नावाजलेली इमारत रिकामी पडलेली असायची. गावातली चार माणसं एकत्र येऊन म्हणायची, हिचं वाचनालय करू, दवाखाना करू. पण दुरुस्तीला हात घालण्याआधी हे जमण्यासारखं आहे का, ते जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. त्या तपासणीपुरतं अनुदान हा निधी द्यायचा. मग व्यवहार्यता अहवाल यायचा, बाई तो वाचायच्या, जागेवर जाऊन ताडून पाहायच्या, आणि शेवटी साहेब सही करायचे.

आणि जवळजवळ प्रत्येक अहवाल ‘हो’ म्हणायचा. का नाही म्हणणार? ‘हो’ म्हटलं की गावाला दुरुस्तीचं मोठं अनुदान मागता येतं आणि अहवाल लिहिणाऱ्यालाही पुढचं काम मिळतं. लग्न जुळवणाऱ्याला ‘मुलगा कसा आहे’ विचारल्यासारखंच ते.

म्हणून बर्फाच्या कारखान्याचा अहवाल ‘नाही’ म्हणाला, तेव्हा बाईंनी चष्मा पुसून शेवटचं पान पुन्हा वाचलं. ‘इमारतीचा पाया हलतो आहे. लोकांच्या वापरासाठी ती योग्य नाही. पाडावी.’ खाली एका तरुण इंजिनीअर मुलीची सही. म्हणजे या मुलीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं पुढचं काम घालवलं होतं.

“आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेतं?” बाई साहेबांना म्हणाल्या. “इथं कुठंतरी पाणी मुरतंय.”

“तुम्हाला ‘हो’चा संशय, ‘नाही’चाही संशय,” साहेब म्हणाले. “जाऊन या. नाहीतर तुम्हाला झोप यायची नाही.”

बाईंनी जाण्याआधी जमिनीचे कागद पाहिले. कारखान्याला लागूनच एक गोदाम होतं. ते कोणाचं, तर कारखाना वाचवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांच्या सख्ख्या दिराचं. बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या. कारखाना पाडला की मोकळी जागा कुणाच्या दाराशी येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. दीर त्यांना वहिनी म्हणे म्हणून सगळं गाव वहिनी म्हणे. बस थांब्यावर त्या स्वतःच आल्या होत्या. ताठ चाल, हातात किल्ली, आणि चेहरा असा की जणू बाई शाळेच्या तपासणीला आल्यात.

“आम्हाला वाचनालय करायचं होतं,” चालता चालता त्या म्हणाल्या. “गावात मुलांना बसायला जागा नाही. तीन वर्षं मागे लागले मी. आणि हाती काय आलं, तर पाडा म्हणून सल्ला.”

“तुमचे दीर समितीत आहेत?”

वहिनींची चाल किंचित मंदावली. “नाहीत. आणि अलीकडे आमचं फारसं बोलणंही नाही.”

बाईंनी पुढे विचारलं नाही. पण ते मनात टिपून ठेवलं.

कारखाना लांबट होता, लाल विटांचा. पुढे माल चढवायचा फलाट आणि छोटी कचेरी, बाजूला यंत्रखोली, आणि मागे मोठं दालन. त्या दालनात जमिनीत एक प्रचंड हौद होता. त्याच्या खारट पाण्यात पत्र्याचे डबे बुडवून बर्फाच्या लाद्या करत. अकरा वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, पण भिंतींचा तो ओलसर, गंजका वास अजून गेला नव्हता. फुटलेल्या गिलाव्यातून, गारवा टिकवायला भरलेल्या बुचाच्या लाकडाचे थर दिसत होते, शिळ्या पावासारखे.

इंजिनीअर मुलगी आतच थांबली होती. हातात वही, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बाईंना तिनं नमस्कार केला तोही आरोपीनं करावा तसा.

“भिंतींना तडे होते,” ती सांगू लागली. “तडा जुना आहे की अजून वाढतोय, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवतात, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून. भिंत हलली की काच तडकते. मी पाच पट्ट्या बसवल्या आणि दर महिन्याला येऊन पाहत होते. चार महिन्यांनी शेवटची पाहणी केली, तेव्हा तीन फुटल्या होत्या.”

“त्याआधीच्या पाहणीत?”

“पाचही शाबूत.”

“म्हणजे जे काही झालं ते शेवटच्या महिन्यात.”

“हो,” मुलगी म्हणाली, आणि तिनं खाली बघितलं.

बाई एकेका पट्टीपाशी गेल्या. वरच्या दोन, तुळईजवळच्या, शिडीवर चढून पाहिल्या, अखंड होत्या. खालच्या तीन फुटलेल्या. मुलगी म्हणाली, पाया खचला की तडा खालून उघडतो, तेव्हा खालच्या आधी फुटणं बरोबरच आहे. ऐकायला ठीक वाटलं. पण बाईंनी पिशवीतून भिंग काढलं. भिंत सरकली असती तर काच तड्याच्या रेषेत सरळ दुभंगली असती. इथं मात्र पट्टीच्या मधोमध एक बारीक पांढरा ठिपका होता आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा फाकल्या होत्या. तिन्ही पट्ट्यांवर तसंच.

“ही काच भिंतीनं फोडलेली नाही,” बाई म्हणाल्या. “हिला कुणीतरी टोचलंय.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनींनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

“दाराच्या किल्ल्या किती?”

“तीन,” वहिनी म्हणाल्या. “एक माझ्या घरी खिळ्याला असते. एक हिच्याकडे.” त्या थांबल्या. “तिसरी भावजींकडे. गोदामाची वीज इथूनच जाते म्हणून दिली होती.”

बाईंनी मुलीला बाजूला घेतलं. “तुला ठिपका दिसला नाही?”

“दिसला असता, बघितलं असतं तर.” मुलगी म्हणाली. “अहवाल द्यायला शेवटचे दोन दिवस उरले होते. फुटलेल्या पाहिल्या आणि लिहून टाकलं. मॅडम, मला काय मिळणार होतं यातून? ‘हो’ लिहिलं असतं तर दोन वर्षांचं काम हातात होतं.”

ते खरं होतं. पण हीच गोष्ट बाईंना कचेरीत संशयाची वाटली होती, आणि आता तीच त्या मुलीच्या बाजूनं साक्ष देत होती. बाईंना स्वतःचाच थोडा राग आला. तो गिळून त्या गोदामाकडे निघाल्या.

वहिनींचा दीर भला उंच गडी, दारातून येताना मान लववावी लागणारा. त्यानं खुर्ची पुसून दिली, पंखा लावला, चहा मागवला. एवढं आदरातिथ्य पाहून बाईंचा संशय आणखी पक्का झाला.

“ती जागा तुम्हाला हवी होती ना?” त्यांनी सरळच विचारलं.

“होती की. सहा वर्षांपूर्वी अर्जसुद्धा केला होता, लपवायचं काय त्यात?” तो हसला. “तेव्हापासून वहिनींच्या डोक्यात बसलंय की मी टपून बसलोय. काय झालं, सांगा तरी.”

बाईंनी सांगितलं. त्याचं हसू मावळलं. त्यानं बाईंना उठवलं आणि गोदामाच्या मागच्या टोकाला नेलं. “ही भिंत बघा. ही माझी नाही, कारखान्याची आहे. माझ्या छपराचं ओझं पेलणाऱ्या सगळ्या कैच्या हिच्यावर टेकल्यात. कारखाना पाडला की माझं गोदाम बसलं. तुमचा तो ‘पाडा’वाला अहवाल आला त्या दिवसापासून मी जेवलो नाही नीट.”

बाईंनी वर पाहिलं. एकूण एक कैची त्या भिंतीत रुतलेली होती.

“हे वहिनींना सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी मनातल्या मनात निकाल लावला. आता मी काय दारात जाऊन ओरडू, मी चोर नाही म्हणून?”

परत येताना बाई कारखान्यात पुन्हा एकट्याच शिरल्या. साप साप म्हणून आपण भुई तर धोपटत नाही ना, असं त्यांना वाटू लागलं होतं. त्या पहिल्या फुटलेल्या पट्टीसमोर उभ्या राहिल्या. पट्टी त्यांच्या छातीशी येत होती. दुसरी त्याहून खाली, तिसरी कमरेशी. टोचल्याचा ठिपका मात्र तिन्हींवर खालच्या बाजूनं वर गेलेला, तिरका. सहा फुटी दिरानं टोचलं असतं तर ते वरून खाली आलं असतं. शिडी तर कोपऱ्यातच होती; धट्ट्याकट्ट्या माणसानं वरच्या दोनही फोडल्या असत्या. हे करणाऱ्याला शिडी चढता येत नव्हती. आणि तो वाकलेला होता.

खिळ्यावरची किल्ली घरातलं कुणीही घेऊ शकतं, म्हणून बाई दुपारी वहिनींच्या घरी पोचल्या. दाराजवळ खिळा, खिळ्याला किल्ली. खिडकीशी खुर्चीत वहिनींचे सासरे बसले होते. वय चौऱ्याऐंशी, पाठीला पोक, आणि मांडीवर आडवी काठी. गावात त्यांना आप्पा म्हणत. त्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी यंत्र चालवलं होतं.

बाईंनी काठीच्या टोकाकडे पाहिलं. लोखंडी टोपण, टोकदार झिजलेलं.

“आप्पा,” बाई म्हणाल्या, “काचा तुम्ही फोडल्या का?”

“हो,” आप्पा म्हणाले.

आतून चहाचे कप घेऊन येणाऱ्या वहिनी तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“एवढ्या लगेच कबूल?”

“आजवर कुणी विचारलंच कुठं?” म्हाताऱ्यानं काठी खाली टेकवली. “इंजिनीअर पोरगी आली, तिला मी सांगितलं होतं. त्या हौदाखालची जमीन चाळीस वर्षं गोठत होती. हौदाखालचं बूच भिजून गेलं की थंडी खाली उतरते. जमीन फुगते. आम्ही दर दोन वर्षांनी फरशी तासून सारखी करायचो. कारखाना बंद झाला, गोठलेलं सुटलं, फुगलेलं बसलं, आणि वरची फरशी तशीच अधांतरी राहिली. आता दर पावसाला खालून पाणी चढतं आणि थोडी थोडी माती घेऊन जातं. त्या पोरीनं पट्ट्या लावल्या कधी? ऐन कोरड्या दिवसांत. चार महिने. त्या दिवसांत भिंत कशाला हलेल? त्या फुटल्या नसत्या, तिनं ‘हो’ लिहिलं असतं, आणि सूनबाईनं तिथं पोरं आणून बसवली असती.”

“मामंजी, मला का नाही सांगितलं?” वहिनींनी विचारलं.

“तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, तज्ज्ञ बघतायत, तुम्ही काळजी करू नका.”

वहिनींनी कप खाली ठेवले. त्यांना ते आठवलं असावं. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “आणि मी इतके दिवस भावजींना...”

बाईंनी पिशवीतून अहवाल काढला. इंजिनीअर मुलीनं आप्पांचं म्हणणं लिहून घेतलं होतं का, हे त्यांना पाहायचं होतं. आकडे, नकाशे, खर्चाचे तक्ते असं सगळं त्या दोनदा चाळून झाल्या होत्या. शेवटी एक जोडपत्र होतं, ‘आठवणी’ नावाचं. जुन्या कामगारांचे फोटो, पहिली लादी निघाली तेव्हाची हकिकत. असली जोडपत्रं बाई कधीच वाचत नसत. तिथं आप्पांच्या फोटोखाली एक ओळ होती: ‘थंडीनं जमीनसुद्धा फुगायची, असं जुने कामगार कौतुकानं सांगतात.’

“कौतुकानं,” बाई मोठ्यानं वाचून गेल्या.

“मी कौतुक करत नव्हतो,” आप्पा म्हणाले.

बारा वर्षांत प्रत्येक सही, प्रत्येक पावती त्यांनी संशयानं पाहिली होती. आणि ज्या एका पानावर कामाची गोष्ट लिहिलेली होती, ते पान त्यांनी न वाचताच उलटलं होतं.

त्यांनी अंगणात जाऊन साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून साहेब म्हणाले, “मग प्रश्न मिटला. पुरावा खोटा, म्हणजे अहवाल रद्द. दुसरा इंजिनीअर पाठवू, नव्या पट्ट्या लावू द्या.”

“लावेल तो. पण त्याही कोरड्या दिवसांतच ना? फुटणार नाहीत. मग अहवाल ‘हो’ म्हणेल आणि तुम्ही सही कराल.”

“बाई, एका म्हाताऱ्यानं काठीनं काचा फोडल्या. त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा? तुम्ही? चाळणी?” नाव तोंडातून निसटलं तसे साहेब ओशाळले.

“विश्वास नाही ठेवायचा,” बाई म्हणाल्या. “खणून बघायचं. तपासणीच्या अनुदानातच एक खड्डा बसतो.”

साहेबांनी बराच वेळ कुरकुर केली. शेवटी म्हणाले, “एकच खड्डा. आणि काचांचं खरं काय ते अहवालात यायला हवं, म्हाताऱ्याच्या सहीनिशी.”

आठवड्यानं दोन मजूर आले. सकाळचं ऊन दालनाच्या उंच झरोक्यांतून आत येत होतं. आप्पांसाठी वहिनींनी घरून खुर्ची आणली होती, पण त्यांना दालनात बसू द्यायला इंजिनीअर मुलगी तयार होईना. तिनं त्यांना दाराबाहेर फलाटावर बसवलं. दीर आला होता, पण तो लांब, आपल्या गोदामाच्या दारात उभा राहून बघत होता. बाई मात्र हौदाच्या काठाशी उभ्या होत्या, आणि खरं सांगायचं तर अजूनही त्यांच्या मनात शंका होतीच. म्हातारा चुकला असला तर? आठवणी माणसाला फसवतात. आपण एका गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याच्या नादी तर लागलो नाही?

मजुरानं हौदाच्या तळाला छिन्नी लावली. वरचा थर फुटला, मग खडी, मग काळं पडलेलं बूच. त्याखाली पहार घातली ती एकदम मुठीपर्यंत आत गेली आणि मजूर तोंडावर पडता पडता वाचला.

“खाली काहीच नाही,” तो म्हणाला.

इंजिनीअर मुलगी पालथी झोपली आणि भोकातून हात घातला. कोपरापर्यंत हात गेला तरी बोटांना माती लागेना. तिनं टॉर्च धरून मोजपट्टी सोडली. मग उठली, कपड्यांची धूळही न झटकता फलाटावर गेली आणि आप्पांसमोर उभी राहिली.

“आप्पा, मी तुमचं म्हणणं आठवणींत घातलं.”

“हं.”

“मला कळलं नाही. मला वाटलं, तुम्ही गोष्ट सांगताय.”

“पोरी, गोष्टच सांगत होतो,” आप्पा म्हणाले. “पण खरी.” आणि मग जरा मऊ आवाजात, “पण काठी मारली ती माझी चूक. तुझं नाव खराब झालं असतं. ते माझ्या डोक्यात आलं नाही.”

बाईंनी तिथंच त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. आप्पांनी सही केली. सही झाल्यावर वहिनी उठल्या आणि थेट गोदामाकडे चालू लागल्या. दिराशी त्या काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. तो बराच वेळ हाताची घडी घालून उभा होता. मग त्यानं आतून एक स्टूल आणून वहिनींना दिलं, आणि स्वतः मात्र उभाच राहिला. एवढ्यात सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. पण त्या बसल्या.

नवा अहवाल तीन महिन्यांनी आला. तो ‘हो’ही म्हणत नव्हता आणि ‘नाही’ही म्हणत नव्हता. मागचं दालन उतरवायचं, पण गोदामाच्या बाजूची भिंत आधी आधार देऊन राखायची. पुढचा फलाट, कचेरी आणि यंत्रखोली खडकावर आहेत. तिथं वाचनालय होऊ शकेल, लहानसं का होईना. काचांची हकिकत दुसऱ्याच पानावर, काही न लपवता. साहेबांनी दोनदा वाचला आणि सही केली.

मात्र नियम तो नियम. पुराव्यात ढवळाढवळ केल्याबद्दल निधीकडून आप्पांना समजपत्र जाणं भाग होतं. ते बाईंनीच लिहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ‘यापुढे असे वर्तन होऊ नये’ असं लिहिताना त्यांनी ते वाक्य चारदा खोडलं, पण त्याला पर्याय सापडला नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, वेड्यावाकड्या अक्षरात, चौकटीच्या वहीच्या कागदावर.

‘पत्र मिळाले. चूक मान्य. यंत्रखोलीत दाराच्या डाव्या कोपऱ्यात फरशीखाली जुने तेल साठवायचा खड्डा आहे. वरून बुजवला, आत पोकळ आहे. तो नकाशात नाही. सूनबाईला सांगितले आहे, पण तुम्हालाही कळवतो.’

बाईंनी घड्याळ पाहिलं नाही, जेवणाचा डबा अर्धवट झाकला आणि इंजिनीअर मुलीला फोन लावला.

“यंत्रखोलीचा डावा कोपरा,” त्या म्हणाल्या. “काम सुरू केलं का तुम्ही?”

“उद्यापासून. पण त्या कोपऱ्यावर मी आधीच खडूनं फुली मारलीय, मॅडम. सकाळी आप्पा आले होते. मी त्यांच्यासमोरच लिहून घेतलं. नकाशावर.”

“फरशी काढून बघणार ना? त्यांच्यावर सोडू नकोस.”

“काढणार आहे,” मुलगी हसली. “तेही तेच म्हणाले.”